बातमीची पारख आणि इंग्रजीचा तास

1 जुलै 2018. रविवार असल्यानं धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथं पोचले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. गावोगाव फिरून पोट भरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, या मजकुराच्या निरोपांनी त्या दिवसांत सगळ्या भागातले मोबाइल भरले होते. कुणाला तरी संशय आला, पाहता पाहता गर्दी जमली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून इतकं मारलं की एकही वाचला नाही. मुलं पळवणारी टोळी कुठंच नव्हती.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक आजही प्रत्येक शाळेत दाखवावी अशी आहे. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतल्या एकाला उचलतात आणि पसार होतात. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं. ही फीत मुळात कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेसाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ फितीत पुढे ते दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि हातातला फलक दाखवतात. मूल पळवायला एक क्षण पुरतो, म्हणून पालकांनी जागं राहावं, हा त्या फलकाचा आशय. कुणीतरी नेमका शेवट कापला आणि जनजागृतीची जाहिरात पळवापळवीचा पुरावा बनून हिंडू लागली. तिच्याबरोबर रांगेनं ठेवलेल्या चिमुकल्या मृतदेहांचं एक छायाचित्रही फिरत होतं. ते 2013 साली सिरियातल्या घौता इथं झालेल्या रासायनिक हल्ल्यानंतरचं होतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. अटका झाल्या, खटला उभा राहिला. व्हॉट्सअ‍ॅपनं त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवण्याची मर्यादा घातली. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळीच्या घटना रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर निर्देश दिले. जिल्ह्याजिल्ह्यांत ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे फलक लागले.

या सांगण्यात मला एक उणीव कायम जाणवत आली आहे. विश्वास ठेवू नका, हे सांगितलं. पण कशावर ठेवायचा आणि तो कसा ठरवायचा, हे शिकवणार कोण? पोलीस ठाण्याचं ते काम नाही आणि मोबाइल कंपनीकडून ती अपेक्षाच नको. शाळेत ते कुठल्या तासाला बसेल, याचा विचार केला तर माझं बोट इंग्रजीच्या तासावर थांबतं. जळगाव-धुळ्याच्या मराठी, उर्दू आणि आश्रमशाळांतला इंग्रजीचा तास म्हणजे पोरांच्या पोटात गोळा आणणारा तास, हे ठाऊक असूनही मी हे म्हणतो आहे. किंबहुना त्या तासाची जी अडचण आहे, तिच्यातच त्याची ताकद आहे, हे या प्रकरणात सांगायचं आहे.

खान्देशातल्या साध्या मुलाची भाषिक परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, सातपुड्याच्या बाजूला पावरी किंवा भिली, शाळेत पुस्तकी मराठी, मोबाइलवर हिंदी. इंग्रजी यानंतर येते. महाराष्ट्रानं 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी लागू केली, तरी तिच्याशी या मुलाची गाठ मुख्यतः ‘माय इंग्लिश बुक’च्या पानांवरच पडते. मराठी मजकूर तो डोळ्यांनी झरझर पुसत जातो. हिंदी निरोप तर वाचायच्या आधीच पुढे ढकललेला असतो. इंग्रजी वाक्यापुढे मात्र त्याला थांबावं लागतं. कर्ता कोणता, क्रियापद कुठलं, ‘इट’ म्हणजे नेमकं काय, हे शोधल्याशिवाय अर्थ हाती लागत नाही. दिवसभरात हा मुलगा इतकं सावकाश, शब्दाला शब्द लावून दुसरं काहीच वाचत नसेल. आणि बातमी पारखायची तर पहिली गरज सावकाशीचीच असते.

शिकागो विद्यापीठातले बोआझ केसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच प्रश्न ‘इतके वाचतील’ असा मांडला की लोक एक निर्णय घेतात, ‘इतके मरतील’ असा मांडला की दुसरा. गणित तेच, शब्दांची मांडणी वेगळी. मात्र हाच प्रश्न परक्या भाषेत विचारल्यावर मांडणीचा हा प्रभाव ओसरला. परक्या भाषेत शब्द काळजाला कमी भिडतात, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. त्यांच्या प्रयोगातल्या लोकांना ती परकी भाषा बऱ्यापैकी येत होती, आपल्या नववीतल्या मुलाला येत नाही. म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा पारोळ्याच्या वर्गात आणता येणार नाही. पण भीतीची बातमी दोन पावलं लांब ठेवून बघायला परकी भाषा मदत करते, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

दुसरंही एक कारण आहे. फसवणाऱ्या मजकुराला आपल्याकडे इंग्रजीचा सदरा फार शोभतो. ‘नासा’नं सांगितलं, ‘युनेस्को’नं जाहीर केलं, अमुक विद्यापीठाच्या संशोधनात सिद्ध झालं, असं म्हटलं की घरातली शहाणी माणसंही गप्प होतात. ज्या घरात इंग्रजी वाचणारं पहिलं माणूस म्हणजे आठवी-नववीतलं पोर, तिथं इंग्रजी अक्षरांचा दरारा आणखीच मोठा. तो दरारा उतरवायचं काम इंग्रजीच्या शिक्षकाशिवाय कोण करणार?

एक उदाहरण जवळून बघू. 2022 च्या सुमारास महाराष्ट्रात हजारो वीजग्राहकांना एक लघुसंदेश आला. त्याचा मजकूर देवनागरीत लिहिला तर साधारण असा: ‘डिअर कस्टमर, युअर इलेक्ट्रिसिटी पॉवर विल बी डिस्कनेक्टेड टुनाइट अ‍ॅट 9.30 पीएम फ्रॉम इलेक्ट्रिसिटी ऑफिस, बिकॉज युअर प्रीव्हियस मंथ बिल वॉज नॉट अपडेट.’ खाली वीज अधिकाऱ्याचा म्हणून एक मोबाइल क्रमांक. त्यावर फोन केला की पलीकडचा माणूस एखादं अ‍ॅप डाउनलोड करायला किंवा किरकोळ रक्कम भरायला सांगायचा आणि बँकेतलं खातं रिकामं व्हायचं. महावितरणला वारंवार खुलासे करावे लागले की आमचे संदेश कंपनीच्या नावाच्या ठरावीक सेंडर आयडीवरून येतात, कुणाच्या खासगी क्रमांकावरून नाही.

हा संदेश फळ्यावर लिहिला की पाऊण तासाचा तास कमी पडतो. ‘विल बी डिस्कनेक्टेड’ हा कर्मणी प्रयोग. वर्षानुवर्षं मुलं अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करतात, ‘बाय’ लावून कर्ता शेवटी टाकतात किंवा गाळतात आणि गुण मिळवतात. इथं त्यांना उलटं काम द्यायचं: या वाक्याचं अ‍ॅक्टिव्ह करा. करायला गेलं की अडतं, कारण तोडणारा कोण, हे वाक्यात नाहीच. ‘इलेक्ट्रिसिटी ऑफिस’ म्हणजे कुठलं? चाळीसगावचं, दोंडाईच्याचं, की नुसतंच ऑफिस? ज्या वाक्यात कर्ता लपवलेला आहे तिथं तो का लपवला असेल, हा प्रश्न एकदा मुलाला पडला की व्याकरण त्याच्या आयुष्यात उतरलं असं समजायला हरकत नाही. मग वेळेकडे वळायचं. रात्री साडेनऊला कुठलं कार्यालय उघडं असतं? ही वेळ मजकुरात का घातली? विचार करायला उसंत मिळू नये म्हणून. आणि मग शेवटचा शब्द: ‘वॉज नॉट अपडेट’. इथं ‘अपडेटेड’ हवं होतं, हे वर्गातलं कुणीतरी पोर नक्की ओरडून सांगतं.

इथं शिक्षकानं सावध राहायला हवं. चूक सापडली म्हणजे संदेश खोटा, एवढ्यावर वर्ग थांबला तर उद्या मुलं फसतील. आता यंत्रं निर्दोष इंग्रजी लिहितात, लिहिण्यातल्या चुका फसवणाऱ्याच्या बाजूनं संपत चालल्या आहेत. उलट ग्रामीण भागातल्या खऱ्या कचेऱ्यांच्या खऱ्या सूचनांत चुका असतात. भाषेची चूक ही फार तर थांबायची खूण आहे. निकाल लागतो तो मजकूर आला कुठून, यावर. जिनिंगवर कापूस घेणारा व्यापारी रंग बघून थांबत नाही, चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघतो आणि मग भाव बोलतो. मजकुराचा धागा म्हणजे त्याचा उगम.

उगम शोधायला शिकवणारा धडाही अभ्यासक्रमात आहेच: रिपोर्टेड स्पीच. आज तो जसा शिकवला जातो तसा तो काळ मागे सरकवण्याचा खेळ असतो. ‘इज’चं ‘वॉज’, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’. पण दुसऱ्याचं बोलणं सांगताना सगळ्यात महत्त्वाचा असतो तो बोलणारा. वर्तमानपत्राची इंग्रजी तर पूर्णपणे त्यावरच उभी आहे. ‘से’, ‘क्लेम’, ‘अलेज’, ‘डिनाय’, ‘कन्फर्म’ ही क्रियापदं मुलांना पाठ असतात, पण त्यांची चढण-उतरण माहीत नसते. बातमीदार ‘कन्फर्म’ लिहितो तेव्हा तो काय म्हणतोय आणि ‘क्लेम’ लिहितो तेव्हा काय टाळतोय, हे कळायला एक खरी बातमी हाती द्यावी लागते.

अशी एक बातमी जळगाव जिल्ह्यातलीच आहे आणि ती वर्गात आणताना मन घट्ट करावं लागतं. 22 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ लखनौहून मुंबईकडे निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, भेदरलेले प्रवासी खाली उतरले. शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसनं त्यांच्यातल्या अनेकांना चिरडलं. आग नव्हतीच. ही अफवा मोबाइलवरून आली नाही, डब्यातून तोंडोतोंडी आली. अफवेला यंत्र लागतंच असं नाही, हे मुलांना यातून कळतं.

त्या घटनेच्या पहिल्या दोन दिवसांतल्या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या तर मृतांचे आकडे वेगवेगळे दिसतात. आधी कमी, मग 12, मग 13. अफवा सुटली कशी, याचेही वेगवेगळे तर्क दिसतात: कुणी चाकांजवळच्या ठिणग्यांचं नाव घेतलं, कुणी डब्यात चहा विकणाऱ्याच्या ओरडण्याचं. ‘आकडा बदलला म्हणजे पेपर खोटं बोलला का?’ हा प्रश्न वर्गात टाकायचा. बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतील, मोठी माणसंही म्हणतात. मग प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो कुणी सांगितला आणि कधी सांगितला, एवढंच लिहायला लावायचं. हे रकाने फळ्यावर उभे राहिले की दिसतं: आकडा वाढला तो जखमींतलं कुणी दगावलं किंवा ओळख पटली म्हणून. जबाबदार बातमी स्वतःला दुरुस्त करत जाते. अफवा कधी दुरुस्त होत नाही. ती नुसती जोर धरते.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. माध्यमसाक्षरता म्हणजे प्रत्येक गोष्टीवर शंका घेणं, असा समज आपल्याकडे रुजू पाहतो आहे. सगळंच खोटं असतं म्हणणारा मुलगा आणि सगळंच खरं मानणारा मुलगा दोघंही सारखेच फसतात. नवापूरचं उदाहरण घ्या. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण खान्देशचंच. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये नोंदवला गेला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले, एच-5-एन-1 विषाणू सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ती बातमी खरी होती. चौदा वर्षांनी, 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो, असे निरोप फिरले. कोंबडीचे भाव कोसळले, महाराष्ट्रभरचे पोल्ट्रीवाले बुडाले. ती बातमी खोटी होती. दोन्ही वेळा भीती सारखीच होती. फरक कुठं होता? पहिल्या मजकुरात नमुना कुठं तपासला, काय सापडलं, कुणी जाहीर केलं, हे होतं. दुसऱ्यात यातलं काहीच नव्हतं. दोन्हींचे पाच-सहा ओळींचे सोपे इंग्रजी उतारे शिक्षकानं करून दिले आणि ‘हू टेस्टेड?’, ‘व्हेअर?’, ‘हू अनाउन्स्ड?’ एवढे तीन प्रश्न विचारले, तर डब्ल्यूएच प्रश्नांचा सरावही होतो आणि विश्वास कशावर ठेवायचा याचाही.

इंग्रजीच्या वर्गात वर्तमानपत्र आणि जाहिरात आणण्याची कल्पना नवी मुळीच नाही. 1933 साली एफ. आर. लीविस आणि डेनिस थॉम्प्सन या दोन इंग्रज शिक्षकांनी शाळेतल्या इंग्रजीच्या तासासाठीच एक पुस्तक लिहिलं, ‘कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट’. जाहिरातीची भाषा कशी भुलवते, हे मुलांकडून उकलून घेण्याचे स्वाध्याय त्यात आहेत. त्यांचा सूर लोकप्रिय गोष्टींकडे तुच्छतेनं बघणारा होता, तो आपण उचलायचं कारण नाही. पोरांच्या आवडत्या रील्सना नावं ठेवून सुरू झालेला तास पहिल्या मिनिटालाच संपतो.

अलीकडचं अधिक उपयोगी काम स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचं. त्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस अशा तिन्ही गटांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले. मांडणी, बोधचिन्ह, भाषा बघत बसले आणि अनेकदा फसले. तपासनीस काही क्षणांत पान सोडून बाहेर पडले आणि ‘यांच्याबद्दल दुसरे काय म्हणतात’ ते बघून आले. बाजूला जाऊन बघणं, ही त्यांची खरी युक्ती. ज्या वर्गात इंटरनेट नाही तिथंही ती जमते. एकाच घटनेची ‘देशदूत’मधली, ‘लोकमत’मधली आणि एखाद्या इंग्रजी दैनिकातली अशी तीन कात्रणं बाकावर ठेवली की मुलं बाजूला जाऊन बघू लागतात. मराठी बातमीनं इंग्रजी बातमीचे अवघड शब्द आपसूक उलगडतात, हा भाषेच्या शिक्षकाला मिळणारा जास्तीचा लाभ.

पण एखादं व्याख्यान दिलं की झालं, असं मात्र होत नाही. बिहारमध्ये सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019 च्या निवडणुकीच्या वेळी बाराशेहून अधिक लोकांना घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं. सरासरीनं पाहता खोटी बातमी ओळखण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच राज्यात वेगळा मार्ग धरला. 583 गावांतले साडेतेरा हजारांच्या आसपास किशोरवयीन विद्यार्थी, गावाजवळच्या सरकारी वाचनालयांत चौदा आठवड्यांत चार सत्रं, वर्गासारखीच बैठक आणि गृहपाठ. या मुलांची खरं-खोटं वेगळं करण्याची क्षमता वाढली, चार महिन्यांनंतरही टिकली, आणि त्यांच्या आईवडिलांतही काही प्रमाणात उतरली. तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटाला संशोधकांनी काय शिकवलं होतं? साधी इंग्रजी. म्हणजे नुसती इंग्रजी शिकल्यानं ही पारख येत नाही, ती वेगळी शिकवावी लागते, हे तिथं कळलं. मी त्यातून पुढचं एक पाऊल काढतो: तिथं जे दोन वर्ग वेगळे ठेवावे लागले, ते आपल्या शाळेत एकाच तासात येऊ शकतात. इंग्रजीचा तास जवळपास रोज असतो. चौदा आठवडे सलग मिळवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडे केरळच्या कन्नूर जिल्ह्यानं 2018 साली दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावानं असे वर्ग घेतले. लसीकरणाबद्दलच्या अफवांचा फटका बसल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घेतला होता. खान्देशाला मात्र प्रेरणेसाठी कन्नूरपर्यंत जायची गरज नाही.

धुळ्यात 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचा देहान्त झाला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आणि त्यांनी गोळा केलेले कागद आजही त्याच शहरात आहेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’चा पहिला खंड त्यांनी 1898 मध्ये काढला, पानिपताच्या काळातली अस्सल पत्रं छापली आणि त्यांच्या आधारे बखरींची झडती घेतली. बखर रसाळ असते, घटनेनंतर बऱ्याच काळानं लिहिलेली असते, आकडे फुगवते. पत्र रुक्ष असतं, पण त्यावर तारीख असते, लिहिणारा असतो, तो घटनेच्या जवळ असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास हातांतून आलेला निरोप आणि बखर यांचं नातं धुळ्याच्या मुलाला कळायला अजिबात वेळ लागणार नाही. राजवाडे संशोधन मंडळात एक सहल काढावी, जुना कागद काचेआडून दाखवावा आणि परत आल्यावर ‘हू रोट इट? टू हूम? व्हेन?’ या तीन प्रश्नांवर इंग्रजीत पाच वाक्यं लिहून घ्यावीत. इतिहासाच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून करायचं हे काम आहे.

आणि अमळनेर. साने गुरुजी 1924 ते 1930 तिथल्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. मुलांना बातमी वाचायला लावणाऱ्या शिक्षकांची ही परंपरा या मातीत शंभर वर्षांपूर्वीची आहे. आज एखाद्या आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात भिंतीवर रोज इंग्रजीत चार वाक्यांची बातमी लागू शकते: काल शाळेत काय झालं, ते कुणी पाहिलं, कुणी नुसतं ऐकलं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या रंगाच्या खडूनं लिहायचं, एवढाच नियम.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. शाळेत मोबाइल आणायला बंदी असते आणि ती असावीही. पण घरी तो आहे. ‘असर 2024’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचं सांगितलं, समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. म्हणून वर्गात निरोपाची झेरॉक्स आणायची आणि गृहपाठ घरच्या फोनवर द्यायचा: या आठवड्यात घरी आलेला, पुढे ढकललेला एक निरोप वहीत उतरवून आणा, पाठवणाऱ्याचं नाव मात्र लिहू नका. नाव न लिहिण्याची अट अत्यंत महत्त्वाची आहे. नाहीतर काकांनी किंवा सरपंचांनी पाठवलेला निरोप वर्गात खोटा ठरतो आणि संध्याकाळी शिक्षकाच्या दारात भांडण येतं.

दुसरी अडचण भाषेची. मुलांना इंग्रजीतून वाद घालता येणार नाही. घालूही नये. वाद अहिराणीत होऊ द्या. ‘तुले कोनी सांगं?’ हा प्रश्न एका मुलीनं दुसरीला विचारला की काम सुरू झालं. इंग्रजीत फक्त निष्कर्षाचं एक वाक्य लिहायचं. त्यासाठी सांगाडे द्यायचे: ‘अकॉर्डिंग टू अमुक...’, ‘द मेसेज डझ नॉट से हू...’, ‘वी कुड नॉट फाइंड...’. हे तीन सांगाडे वर्षभर वापरले तरी मुलांची इंग्रजी वाढते आणि प्रामाणिकपणाची सवयही लागते. विषय निवडतानाही तारतम्य हवं. धर्माच्या, पक्षाच्या, जातीच्या निरोपांपासून सुरुवात करू नये. वीजबिल, कोंबडी, परीक्षेच्या तारखा, लॉटरी यांपासून करावी. केळीत रक्ताचं इंजेक्शन दिल्याचा जुना निरोप तर जळगावच्या मुलांसाठी हक्काचा; केळीच्या गाभ्यात दिसणारी लाली रोगामुळे येते, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याचं पोर वर्गाला स्वतः सांगू शकतं. त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला तज्ज्ञ तेच असतं.

आता दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेकडे. तिच्यात बातमीलेखनाचा प्रश्न असतो. मथळा दिलेला असतो, त्याखाली मुलांनी बातमी लिहायची. वर्षभर सराव होतो तो असा: मथळा लिहा, ‘बाय अवर स्टाफ रिपोर्टर’ लिहा, गावाचं नाव आणि तारीख टाका, मग पहिल्या परिच्छेदात काय-कुठं-कधी आणि दुसऱ्यात तपशील. आग लागल्याचा मथळा असेल तर मुलगा किती घरं जळाली ते ठरवतो, किती लाखांचं नुकसान झालं ते ठरवतो, प्रत्यक्षदर्शीच्या तोंडी एक वाक्य घालतो, अग्निशामक दल किती मिनिटांत आलं तेही लिहितो. सगळं मनाचं, आणि गुण पूर्ण. भाषेच्या सरावासाठी हे सोयीचं आहे, पण आपण लाखो मुलांना दरवर्षी साक्षीदार आणि आकडे बनवायला शिकवतो आहोत, याकडे शिक्षण मंडळानं गंभीरपणे बघायला हवं. कल्पना लढवायला गोष्ट आहे, संवाद आहे. बातमी त्यासाठी नाही.

तोच प्रश्न वेगळ्या पद्धतीनं विचारता येतो. मुलांना पाच टिपणं द्या. स्टेशन मास्तरांनी संध्याकाळी सहाला सांगितलेली वेळ. एका प्रवाशानं स्वतः पाहिलेलं. दुसऱ्यानं डब्यात कुणाकडून तरी ऐकलेलं. जिल्हा रुग्णालयानं रात्री नऊला दिलेला जखमींचा आकडा. आणि नाव नसलेला, पुढे ढकललेला एक निरोप. यावरून बातमी लिहा. ज्यानं निरोप बातमीत घेतला नाही, त्याला एक गुण. ज्यानं ऐकीव माहिती ‘अकॉर्डिंग टू अ पॅसेंजर’ लावून वेगळी ठेवली, त्याला एक. आकड्याबरोबर वेळ आणि सांगणारा लिहिला, त्याला एक. राहिलेले गुण भाषेचे. असा प्रश्न शाळेच्या घटक चाचणीत घालायला मंडळाची वाट पाहावी लागत नाही. पाचोऱ्याचा किंवा पिंपळनेरचा कुठलाही इंग्रजीचा शिक्षक तो येत्या चाचणीत घालू शकतो.